रहदारी नसलेला रस्ता

सायकल आमच्या आयुष्यात दोनदा आली. पहिल्यांदा शाळेच्या दिवसांत, गरज म्हणून. तेव्हा तिचे कौतुक करावे असे कुणाला वाटले नव्हते. दुसऱ्यांदा चाळिशीनंतर, रक्तातल्या साखरेचा आकडा निमित्त झाला म्हणून. पहिलीला आम्ही सायकल म्हणत होतो, दुसरीला ‘सायकलिंग’ म्हणू लागलो. क्रियापदाचे नाम होताना माणसाची ऐपत बदललेली असते, हे भाषाविज्ञान शिकवणाऱ्यांच्या लक्षात यायला हवे होते. पण ते आले नाही.

आम्ही दोघे नवराबायको; एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. रविवारी सकाळी सायकली काढायच्या आणि जिथे वाहन भेटणार नाही असा रस्ता शोधायचा, हा गेल्या काही वर्षांतला आमचा छंद आहे. डॅन्यूब नदीच्या काठाने पासाउ ते व्हिएन्ना असा सुमारे तीनशे किलोमीटरचा सायकलमार्ग आहे, त्याबद्दल आम्ही पुष्कळ वाचले होते. पूर्वी प्रवाहाविरुद्ध नावा ओढणारे घोडे ज्या वाटेने चालत, ती वाट आता बव्हंशी सायकलींची झाली आहे. असे काही आपल्याकडे का नसावे, अशी हळहळ आम्ही मित्रमंडळींत वरचेवर व्यक्त करत असू. मग एका डिसेंबरात लक्षात आले, की आपल्याकडे बोदलकसा आहे.

तिरोड्याहून निघालो तेव्हा उजाडत होते. या भागात डिसेंबरातली थंडी बोटांच्या पेरांतून आत शिरते. मोठ्या रस्त्यावरचे ट्रक मागे पडले. औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या मात्र बराच वेळ क्षितिजावरून हटल्या नाहीत. धान कापून झालेले. बांध्यांमध्ये पुंजणे रचलेले आणि कापणीनंतरच्या ओलीवर लाखोळीचा कोवळा हिरवा थर. पुढे जमीन हळूहळू चढू लागते, गायखुरीच्या डोंगररांगा जवळ येतात, साग आणि मोह रस्त्याला भिडतात. इथल्या गावांची नावेच भूगोल सांगतात : मंगेझरी, पिटेझरी, उमरझरी आणि खुद्द नागझिरा. डोंगरांच्या कुशीतून झिरपणाऱ्या पाण्याने ही सारी नावे भिजलेली आहेत. असेच डोंगरातले पाणी अडवून १९१७ साली बोदलकशाचा तलाव बांधला गेला. पाळीवर सायकली टेकवून आम्ही उभे राहिलो. तिन्ही बाजूंनी डोंगर, मधोमध धुके, धुक्यात कुठेतरी बदकांची कुजबूज. आपला श्वास आपल्यालाच ऐकू येतो, अशी जागा.

जवळच डाकराम-सुकडी हे महानुभावांचे स्थान आहे. चैत्रात तिथे मोठी यात्रा भरते. लीळाचरित्राच्या ‘एकांका’त चक्रधरस्वामींच्या एकाकी भ्रमणाच्या लीळा आहेत, आणि वर्गात तो भाग शिकवताना आम्ही ‘एकाकीपणाचे तत्त्वज्ञान’ वगैरे बोलत आलो आहोत. पाळीवर बसून आम्ही त्यावर आणखी थोडे बोललो. शिक्षकांना रविवारीही रजा नसते, असो.

येताना एक खेळ खेळलो होतो. मोठा रस्ता सोडल्यापासून तलावापर्यंत किती वाहने भेटतात, ते मोजायचे. चार भेटली : दोन मोटारसायकली, दुधाचा एक टेंपो आणि एक ट्रॅक्टर. चार! डॅन्यूबवाल्यांना हे सांगायला हवे, असे आम्ही एकमेकांना म्हणालो. (आमच्यापैकी जी बाई आहे, तिने मागून येणाऱ्या प्रत्येक मोटारसायकलीचा आवाज ती दिसण्याच्या बऱ्याच आधी टिपला होता आणि दरवेळी सायकल जवळ घेतली होती. मोजणी चोख झाली ती त्यामुळे. पण हे तेव्हा बोलण्यात आले नाही.)

परतताना वळणावर एक मुलगी सायकलीची उतरलेली चेन चढवत बसली होती. जवळ गेल्यावर ओळखले. आमच्याच बी.ए. द्वितीय वर्षाच्या वर्गातली. तीही दचकली.

‘‘सर, मॅडम, तुम्ही इकडं कशाला आले? इकडं तं काहीच नाही ना.’’

आम्ही म्हटले, काही नाही म्हणूनच आलो. ती हसली, विद्यार्थी शिक्षकांच्या विनोदाला हसतात तशी.

इथे एक कबुली द्यायला हवी. त्या आठवड्यात आम्ही कमी उपस्थितीची यादी तयार करून कार्यालयात दिली होती. पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली असलेल्या अकरा नावांत तिचे नाव चौथे होते. तिची अनुपस्थितीही विचित्र : सकाळच्या तासांना हजर, शेवटच्या तासाला नाही. आणि शेवटचा तास आमचा, प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकाराचा. विचारले की उत्तर एकच, ‘‘गाडी चुकते सर.’’ या उत्तरावर प्राध्यापक-कक्षात आम्ही मनसोक्त हसलो होतो. मराठीच्या तासालाच बरी गाडी चुकते, असे कुणीतरी म्हणाले. ते कुणीतरी आमच्यापैकीच एक होते.

चेन चढवायला मदत केली. सायकल आठवीत असताना मानव विकास कार्यक्रमातून मिळालेली, आता सहा-सात वर्षांची. चेन सैल झालेली. चालता चालता तिने जे सांगितले ते तक्रार म्हणून नव्हे, रस्ता विचारणाऱ्याला सांगावे तसे. घरापासून फाट्यापर्यंत सात किलोमीटर सायकल. फाट्यावर एका दुकानामागे ती ठेवायची आणि पुढे एस.टी. किंवा काळी-पिवळी. शाळेत होती तेव्हा मुलींसाठीची निळी बस होती. ती बारावीपर्यंतच्या मुलींची. संध्याकाळी चारची गाडी मिळाली तर फाट्यावर उजेड असतो. पुढची मिळाली तर नाही, कारण डिसेंबरात साडेपाचच्या सुमाराला इकडे सूर्य मावळतो. आमचा तास चार वाजता सुरू होतो.

‘‘आधी बाबा काही म्हणत नव्हते,’’ ती म्हणाली. ‘‘वाघिणी आणल्यापासून म्हणतात.’’

२०२३ च्या मे महिन्यात ब्रह्मपुरीच्या जंगलातून दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडल्या, पुढल्या वर्षी आणखी एक. ती बातमी आम्ही आनंदाने वाचली होती, आणि तो आनंद खोटा होता असे आजही म्हणणार नाही. आमच्या पिढीने हे अरण्य आधी पुस्तकांतूनच पाहिले. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ आणि मारुती चितमपल्लींचे ‘नवेगावबांधचे दिवस’ वाचून आम्ही इथल्या झाडांची नावे शिकलो. दोघेही या मातीतले नव्हेत; एक माणदेशातले, एक सोलापूरचे. दोघांचे ऋण मोठे आहे. पण दोघेही अरण्यात थांबायला आलेले होते. संध्याकाळी पाचच्या आत हे अरण्य ओलांडून घरी पोहोचायचे आहे, अशा माणसाने लिहिलेले पुस्तक आमच्या अभ्यासक्रमात नाही, आणि एवढी वर्षे ते नसल्याचे आमच्या ध्यानातही आले नव्हते.

आम्ही तिला आमच्या मोजणीविषयी सांगितले. का सांगितले कोण जाणे. बहुधा बोलणे हलके करावे म्हणून.

‘‘मीपण मोजते,’’ ती म्हणाली. ‘‘एखादी गाडी आली तं बरं वाटते, मॅडम. ओळखीची असली तं. नसली तं ती पुढं जाईपर्यंत...’’ वाक्य तिने पुरे केले नाही. मॅडमकडे पाहून म्हणाली होती; मॅडमला पुढचे सांगावे लागले नाही, सरांना ते घरी गेल्यावर समजावून घ्यावे लागले.

गावाच्या वळणावर ती थांबली, चहाला चला म्हणाली. आम्ही ऊन चढते आहे असे कारण सांगून निघालो. खरे कारण यादी होती. तिच्या घरी बसून, तिच्या आईच्या हातचा चहा पिताना ती यादी खिशात नसली तरी असल्यासारखीच वाटली असती.

सोमवारी तास बदलून घेण्यासाठी वेळापत्रक समितीकडे गेलो. सहकाऱ्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते : आमचा तास दुपारी घेतला तर दुसऱ्या कुणाचा तरी चारला जातो, आणि त्या विषयालाही अशाच मुली आहेत. किती आहेत, हे मोजले मात्र कुणी नव्हते. आठवडाभराच्या घासाघिशीनंतर प्रवासवर्णन दुपारी एकवर आले आणि एक ऐच्छिक विषय चारवर गेला. त्या विषयाचे प्राध्यापक अजूनही आमच्याशी जरा तुटकच बोलतात. यादीतले नाव आम्ही लेखी विनंती करून काढवले. बाकीच्या दहा जणांना बोलावून कारणे विचारली. तिघांची कारणे आळसाचीच निघाली, सात जणांची वेगवेगळ्या फाट्यांची.

जानेवारीत स्वाध्याय आले. ‘मी केलेला प्रवास’, दहा गुण. बहुतेकांनी नेहमीप्रमाणे रामटेक किंवा ताजमहाल लिहिला होता. ताजमहाल न पाहिलेल्यांनीही. तिच्या स्वाध्यायाचे शीर्षक होते ‘येणे-जाणे’. सव्वा पान. फाट्यावरचे दुकान, चेन कुठल्या चढावर उतरते ती जागा, कुठल्या घराशी कुत्रा आहे, मोहाच्या दिवसांत पहाटे रस्त्यावर बाया असतात म्हणून तो महिना बरा जातो, असे सगळे क्रमाने. बोदलकशाचा तलाव एका वाक्यात आटोपला होता : तिथवर आले की अर्धा रस्ता संपतो. मार्जिनमध्ये ‘निसर्गवर्णन अपुरे’ असे लिहायला आमच्यातल्या एकाचा लाल पेन टेकला होता. ‘नि’ एवढे उमटले, आणि ते तसेच आहे.