धर्मराजाचा कुत्रा आणि आमचा

कुत्र्याला सोडून स्वर्गात येण्यास युधिष्ठिर नकार देतो, हा महाभारतातील प्रसंग आम्ही दोघेही वर्गात वर्षानुवर्षे रंगवून सांगत आलो. त्याच वर्षांत आमच्या शेजारच्या फाटकाशी साखळीने बांधलेला एक कुत्रा म्हातारा होत होता. मालक घर सोडून गेले, कुत्रा मागे राहिला. तेव्हा कुठे आम्ही ते फाटक उघडले.

मानेवर साखळीची जखम, कानांत गोचिडी, डोळ्यांवर दुधी पडदा. डॉक्टरांनी दात पाहून वय बाराच्या पुढचे सांगितले आणि बजावले : उपाशी जिवाला एकदम पोटभर घालू नका. मग दिवसातून चार वेळा, थोडा थोडा बिनमिठाचा मऊ भात. खाताना त्याचे कान मात्र फाटकाकडे लागलेले असत.

महाभारतातील कुत्रा अखेरीस साक्षात धर्म निघतो. ‘ओडिसी’तील आर्गोस वीस वर्षांनी धनी दिसताच प्राण सोडतो. आमचा कुत्रा केवळ कुत्राच निघाला, आणि जगला. परवा आमची चाहूल लागताच त्याने प्रथमच शेपूट हलवले. आम्हांला आनंदाआधी शरम वाटली. यंदा तो प्रसंग वर्गात सांगताना आमचा आवाज पूर्वीसारखा चढला नाही.