आजीची कॅसेट

आमच्या घरी आबांचा एक जुना वॉकमन आहे. आबा म्हणजे माझे आजोबा. वॉकमन म्हणजे खिशात नेता येईल असा छोटा टेप. पहिला वॉकमन सोनी कंपनीने जपानमध्ये १ जुलै १९७९ ला विकायला काढला. दोघांना एकदम ऐकता यावे म्हणून त्याला हेडफोनची दोन भोके होती. आबांचा वॉकमन दुसरा आहे. त्याला एकच भोक आहे.

माझी आजी माझ्या जन्माआधीच देवाघरी गेली. ती जात्यावर ओव्या गायची. काकांनी त्या एकदा टेप करून ठेवल्या. ती कॅसेट एकच आहे. पण वॉकमन बंद पडलेला, म्हणून मी आजीचा आवाज कधी ऐकलाच नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीत बाबांनी वॉकमन खोलला. बारीक स्क्रू मी बशीत ठेवत होते. जुने सेल आतच राहून पाझरले होते. स्प्रिंगवर हिरवी पूड धरली होती. ती लिंबाच्या रसाने पुसून कोरडी केली. मोटारीवरचा रबरी पट्टा काकवीसारखा चिकट झाला होता. तो स्पिरिटच्या बोळ्याने काढला. नवा पट्टा मिळेपर्यंत बाबांनी रबरबँड लावून पाहिला. ते म्हणाले, "आजीची कॅसेट लावू नकोस हं. आधी दुसरी लावून बघू."

बाबा शेतावर गेले आणि मला काही राहवेना. मी हळूच आजीची कॅसेट लावली. दोन शब्द आले आणि आवाज थांबला. रबरबँड ढिला, त्यामुळे फीत गुंडाळणारे चाक फिरलेच नाही. उघडून बघते तर फीत आत अडकलेली! माझ्या पोटात गोळाच आला. मी रडत आबांकडे गेले. आबा रागावले नाहीत, पण बोललेही नाहीत. त्यांनी फीत हळूहळू सोडवली. मग कॅसेटच्या भोकात पेन्सिल घालून फिरवली आणि फीत आत घेतली. त्यांचे हात थरथरत होते.

बाजाराच्या दिवशी बाबांनी तालुक्याहून पट्टा आणला. फीत सेकंदाला जवळजवळ पावणेपाच सेंटिमीटर सरकावी लागते. कमी सरकली तर आवाज जाडा येतो. म्हणून आधी भजनाची कॅसेट तासभर वाजवून पाहिली. मग आजीची लावली. हेडफोनची एक बाजू आबांच्या कानाला, एक माझ्या. जाते घरघरत होते आणि आजी गात होती. तिचा आवाज आमच्या आत्यासारखाच आहे!

फीत चुरगळली तिथे आवाज दबतो. तेवढी ओवी नीट कळत नाही. तिथे आले की आबा स्वतःच ती ओवी म्हणून दाखवतात. त्यांना ती पाठ आहे. आता मी पण पाठ केली आहे. बाबा सगळ्या ओव्या मोबाईलमध्ये भरून ठेवणार आहेत.

मित्रमैत्रिणींनो, तुमच्या घरी जुना टेप असेल तर त्यातले सेल काढून ठेवा. आणि दुरुस्त केल्यावर एकुलती एक कॅसेट आधी लावू नका. मी लावली, तशी तुम्ही लावू नका.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी