केदारची वाट आणि पाठीवरचं ओझं

जून २०१९. केदार-बद्रीला निघालेलो आम्ही दोघं हरिद्वारला उतरलो, तर अंगाची लाही होत होती. "अहो, स्वेटर इथंच ठेवू या का?" सौ. म्हणाली. बरं झालं, ठेवले नाहीत! गौरीकुंडापासून सुमारे १६ किलोमीटरचा पायी चढ. केदारनाथ साडेतीन हजार मीटरांहून उंच. वाटेत पावसानं गाठलं. माझे तिन्ही जाड सुती सदरे भिजले, ते दुसऱ्या दिवशीही वाळेनात. कापूस आपल्याच रानातला, पण डोंगरात दगा देतो; लोकर ओली झाली तरी ऊब धरते. सतरंजी, पितळी तांब्या, लाडवांचा डबा शेवटी खेचरावर चढवला. भाडं गेलं ते वेगळंच. बद्रीनाथला निघताना सतरंजी, तांब्या धर्मशाळेत देऊन टाकले. रिकामा डबा मात्र तिनं सोडला नाही.