खरपुडीचा मान

लेकीच्या नाहीतर मुलाच्या ओढीने अमेरिकेला जाऊन येणाऱ्या आया आता आपल्याकडे घरोघरी आहेत. तुमचा मुक्काम लॉस एंजेलिसला असेल, तर डिस्नीलँड आणि हॉलिवूड मुलं दाखवतीलच. पण मैत्रिणींनो, एक संध्याकाळ तुम्ही हट्टाने मागून घ्या. वेस्टवुड बुलेव्हार्डवरच्या एखाद्या चांगल्या इराणी हॉटेलात जेवायला जा!

‘इराणी’ म्हटलं की आपल्याला संगमरवरी टेबल, ब्रून-मस्का आणि ‘पानी कम’ चहा आठवतो. इथला थाट निराळा. १९७९ च्या क्रांतीच्या सुमारास आणि नंतर हजारो कुटुंबं इराण सोडून या शहरात आली. वेस्टवुडला त्यांची दुकानं लागली, पुस्तकांची, गालिच्यांची, मिठाईची. पाट्या फारसीत. लोक गमतीने या भागाला ‘तेहरानजेलिस’ म्हणतात, आणि २०१० साली इथल्या एका चौकाला ‘पर्शियन स्क्वेअर’ असं रीतसर नावही मिळालं.

आत पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, मंद दिवे. पण मेनूकार्ड वाचताना बुजायचं कारण नाही. पनीर, नान, पुलाव, कबाब हे शब्द आपल्याकडे फारसीतूनच आले आहेत! आधी येते ‘सब्जी’, पण ती शिजवलेली नव्हे. पुदिना, तुळशीच्या जातीचा रेहान, मुळा, सोबत पनीर, अक्रोड आणि गरम नान. ‘मास्त-ओ-खियार’ म्हणजे दह्यातली काकडीची कोशिंबीर, आणि ‘दूघ’ म्हणजे पुदिना घातलेलं ताक. मिर्झा घासेमी चाखलीत तर भाजलेल्या वांग्याचं भरीतच आठवेल. मात्र त्यात अंडं असतं बरं का.

शाकाहारी असाल तर आधी नीट विचारून घ्या. कबाबातला ‘कुबिदे’ तिथे बहुधा गाईच्या मांसाचा असतो. ते चालत नसेल तर केशरातलं कोंबडीचं ‘जूजे’ मागा. ‘फेसेंजान’ मात्र चुकवू नका. वाटलेले अक्रोड डाळिंबाच्या आटवलेल्या रसात तेल सुटेपर्यंत मंद शिजवतात. आंबटगोड, दाट आणि काळपट! एकेकाचं ताट चांगलं भरगच्च असतं, तेव्हा दोघींत एक पुरे.

आणि खरी राणी ती ‘तहदीग’. तह म्हणजे तळ, दीग म्हणजे भांडं. आपली देगची त्यातलीच. भाताच्या तळाची ही सोनेरी खरपुडी. आपल्याकडे खरपुडी बाई स्वतःच्या ताटात वाढून घेते. तिथे ती पाहुण्याला मानाने देतात.

आम्ही गेलो तेव्हा शेजारच्या टेबलावर तीन पिढ्या बसल्या होत्या. आजी नातवाला एकेका पदार्थाचं नाव फारसीत सांगत होती, नातू इंग्रजीत उत्तरं देत होता. पण तहदीग आली तशी दोघांचे हात एकदमच पुढे गेले! माझ्या मनात आलं, परक्या मुलखात भाषा आधी निसटते, चव मागे राहते. आपल्या नातवंडांचंही असंच होणार नाही का? मग त्यांच्यापुढे थालीपीठ ठेवताना त्याला ‘थालीपीठ’च म्हणावं, ‘पॅनकेक’ म्हणू नये, एवढं तरी आपल्या हातात आहे.

शेवटी केशर, गुलाबपाणी आणि पिस्ते घातलेलं ‘बस्तनी’ आइस्क्रीम घ्या, नाहीतर काचेच्या पेल्यातला कोरा चहा. साखरेचा खडा दातांत धरून तो प्यायचा असतो. आपल्या आग्रहासारखाच त्यांचाही ‘तारोफ’ असतो. दुकानदार पैसे घेताना ‘राहू द्या, कसले पैसे’ असंसुद्धा म्हणेल. ती रीत समजायची आणि पैसे द्यायचेच!

तिकडे जाणं होणार नसेल तर तहदीग घरी करा. दोन वाट्या बासमती तांदूळ धुऊन मिठाच्या पाण्यात तासभर भिजवा. भरपूर उकळत्या पाण्यात सहा-सात मिनिटं, कणी राहील इतपतच शिजवून रोवळीत निथळा. जाड बुडाच्या पातेल्यात तीन-चार चमचे तूप तापवून बटाट्याच्या पातळ चकत्या मांडा. वर भात हलक्या हाताने, मधे उंच असा रचा. थोडं केशर गरम पाण्यात खलून शिंपडा. झाकणाला स्वच्छ फडकं गुंडाळा, त्याची टोकं मात्र वर बांधा, ज्वाळेपाशी नकोत. दहा मिनिटं मध्यम आणि पाऊण तास अगदी मंद आच ठेवा. मग पातेल्याचं बूड क्षणभर गार पाण्यात टेकवून ताटात उपडं करा.

आणि पहिला तुकडा पाहुण्याला वाढलात, तरी दुसरा स्वतःच्या पानात आठवणीने घ्या!