कुऱ्हाडीला पोलाद

'+१ तलवार' म्हणजे काय, हे न खेळणाऱ्यांना आधी सांगतो. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये वार करताना वीस बाजूंचा फासा टाकतात. जादूची +१ तलवार असेल तर त्यात एक मिळवायचा, इजेतही एक मिळवायचा. म्हणजे नेम लागायची शक्यता साधारण ५ टक्क्यांनी वाढली. किरकोळ वाटतं ना? पण २०१४च्या नियमांत कित्येक राक्षसांवर साध्या शस्त्राचा घाव निम्माच बसतो. तिथे जादूचं शस्त्र नसेल तर संपलंच!

तर आमच्या खेळात (चौघं खेळाडू, सूत्रधार मी) अशी तलवार सापडली आणि भोकरचा माझा मावसभाऊ ती घेईना. त्याचं पात्र शेतकऱ्याचं पोरगं, हातात आजोबांची कुऱ्हाड. बाकीचे वैतागले. "तुझ्या आजोबांपायी आम्ही मरायचं का?" साहेब ढिम्म. "मी काय आजोबाची कुऱ्हाड सोडत नसतो."

कॉम्प्युटर गेममध्ये हा प्रश्नच येत नाही. नवं मिळालं की जुनं दुकानात. मला ते कधीच आवडलं नाही. (ऑफिसातला जुना कोड मात्र आनंदाने फेकेन.)

खरं तर आपल्याकडे यावर तोडगा होता. सोळाव्या-सतराव्या शतकात पोर्तुगीजांच्या व्यापारातून युरोपी पाती यायची. इथले कारागीर त्यांना खंड्याची मूठ बसवायचे, झाली 'फिरंगी' तलवार! पातं परदेशी, पकड सवयीची. आणि गावाकडे तरी दुसरं काय करतात? कुऱ्हाडीची धार झिजली की लोहार नवं पोलाद जोडतो, पाणी देतो. दांडा मोडला तर बाभळीचा नवा. खंडेनवमीला पूजेत कुऱ्हाड तीच.

म्हणून नियम काढला: तलवार मोडून तिचं पोलाद कुऱ्हाडीला जोडायचं. यावर आमचा पुणेकर उखडला. तलवार सगळ्यांनी मिळून जिंकलेली, एकट्याच्या हौसेसाठी का मोडायची? मुद्दा बरोबर होता. मग फुकट नको म्हणून अट घातली. लोहाराचा फासा दहाच्या खाली आला तर तलवारही गेली आणि कुऱ्हाडही.

पुणेकर लगेच तयार झाला. भोकरकर गप्प.

फासा येत्या शनिवारी. काल रात्री साडेअकराला त्याचा फोन. "दादा, बरोब्बर दहा आला तर?"

दहा चालतो, म्हटलं.