उजेड आधी, नाक नंतर

माझ्या मायचा एकही फोटो नाही. सातबाऱ्यावर तिचं नाव आहे, तोंड मात्र कुठंच नाही. साठी ओलांडली तसं वाटायला लागलं, डोळ्यांपुढचं रूप पुसायच्या आत ते कापडावर उतरवावं. शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या होत्या, पण तैलरंगाला हात कधी लावला नव्हता.

तालुक्याच्या शाळेतले ड्रॉइंगचे सर म्हणाले, "नाना, आधी एखाद्या जुन्या चित्राची नक्कल करा. आणि करताना उजेड आधी बघा, नाक नंतर." त्यांनीच डच चित्रकार व्हर्मिअरची 'मोत्याचं कानातलं घातलेली मुलगी' छापून आणून दिली. साधारण १६६५ सालचं चित्र. मूळ नेदरलँड्समधल्या हेग शहरात आहे, उंची ४४.५ सेंटिमीटर, रुंदी ३९.

तैलरंगातलं तेल म्हणजे आपलं जवसाचंच. कैक वर्षं रब्बीत जवस घेत आलो, पण चटणीपलीकडं त्याचा विचार केला नव्हता. शेंगदाण्याचं तेल ओलंच राहतं, जवसाचं हवा खाऊन घट्ट होतं. पहिला हात टर्पेंटाइननं पातळ, वरचे हात तेलकट. उलटं केलं, की वरचा थर आधी वाळतो, खालचा नंतर, आणि उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळावी तसं चित्र भेगाळतं.

चौकोन आखून आकार उतरवला. मातकट रंगात नुसता उजेड आणि सावली बसवली. ते वाळल्यावर कातडीचा रंग. तेव्हा कळलं, त्या पोरीच्या नाकाला गालापासून तोडणारी रेघच नाही. उजळ नाक उजळ गालात मिसळून गेलंय. आणि मोती? वर एक पांढरा ठिपका, खाली पांढऱ्या कॉलरची पुसट झाक. अडकवायची कडीसुद्धा नाही. उरलेला मोती बघणाराच पुरा करतो.

ही पोर कोण, कुणालाच ठाऊक नाही. तिचं नाव गेलं, तोंड राहिलं. मायचं उलटं झालं.

आता मायला काढतोय. तिचं नाक नेमकं कसं होतं, ते आठवेना म्हणून हात अडायचा. पण चुलीपुढं बसली की जाळाचा उजेड तिच्या कोणत्या गालावर पडायचा, ते पक्कं आठवतं. तिथूनच सुरुवात केली.

परवा थोरली बहीण आली. चित्र अर्धंच झालेलं. बराच वेळ बघून म्हणाली, "कुंकू मोठं कर रे. माय एवढं बारीक लावत नव्हती."

मी लाल रंग कालवायला घेतला.