पाणी घालू नकोस

शेजारच्या काकू मोहन्यातलं क्वार्टर सोडून गावी निघाल्या, तो डिसेंबर होता. सगळं सामान टेम्पोत चढलं, मागे राहिला तो रंगाचा एक डबा. बुडाला खिळ्यानं पाडलेली भोकं, वर नुसती कोरडी माती. "ह्यात मे फ्लॉवरचे तीन कांदे आहेत. आता झोपलेत. उन्हाळा लागेपर्यंत पाणी घालू नकोस," म्हणाल्या आणि टेम्पोत बसल्या.

मी ऐकलं, आणि पाणी घातलं. सकाळी आंबिवलीला लोकल गाठायची घाई असली तरी तुळस आणि मोगऱ्याला पाणी चुकत नसे. तांब्यात उरलेलं आपोआप त्या डब्यात जाई. कोरडी माती दिसली की हात थांबायचाच नाही.

फेब्रुवारीत गॅलरीत कुबट वास सुटला. पेपर पसरून डबा उपडा केला. दोन कांद्यांचा लगदा झाला होता. तिसरा एका बाजूनं मऊ, बोट लावलं तर आत जाई. ओशाळून फोन केला.

"अगं, पानं वाळली म्हणजे त्याचं जेवण झालेलं असतं. पोट भरून झोपलेल्याला परत ताटावर कशाला बसवतेस?" काकू म्हणाल्या.

गोष्ट खरीच होती. पानं हिरवी असतात तोवर कांदा पुढच्या फुलाची शिदोरी साठवतो. पानं गेली की मुळं पाणी ओढेनाशी होतात. मग माती ओलीच राहते आणि कांदा कुजतो. उपाशी ठेवल्यानं मरतात त्याहून जास्त कांदे लाडानं मरतात.

मऊ भाग पांढरं लागेपर्यंत कापला, राख चोळली आणि कांदा सावलीत वाळायला स्वयंपाकघरात पेपरवर ठेवला. इथे दुसरं संकट. पोह्यांसाठी सासूबाईंनी तो विळीवर धरलाच होता! मी ओरडले म्हणून वाचलो. हा दिसतो कांद्यासारखा, पण विषारी असतो. तेव्हापासून असले कंद मी कांद्याबटाट्यांच्या टोपलीपासून लांब, वरच्या फळीवर ठेवते.

दहा इंची मातीची कुंडी घेतली. भोकावर विटेचा तुकडा, वर माती, रेती आणि शेणखत सारखं. कांद्याची मान मातीच्या पातळीला राहील असा तो बसवला. त्या वर्षी नुसती तीन पानं आली. फूल नाही. दिवाळीनंतर पानं पिवळी पडली, तशी कुंडी उचलून कपाटामागे लपवली. डोळ्यांआड असली की हात जात नाही.

तेवढ्यात भाच्यानं हौसेनं ट्युलिपचे कांदे मागवले. ट्युलिपला फुलायच्या आधी बारा-चौदा आठवडे कडक थंडी लागते, ती मोहन्यात कुठली? त्यानं ते फ्रिजमध्ये ठेवले, भाजीला जागा उरेना म्हणून त्याच्या आईनं आठवड्यात बाहेर काढले. पानं आली, तीही मार्चच्या उन्हात मान टाकून बसली. मी त्याला निशिगंधाचे कांदे आणून दिले. आपल्या बाजारातली गुलछडी ती हीच. मूळची मेक्सिकोची, पण आपल्याकडचं ऊन तिला मानवतं. एक कांदा एकदाच फुलतो, मग शेजारी पिल्लं घालतो. पुढची फुलं त्या पिल्लांची.

पुढच्या एप्रिलअखेर कुंडी बाहेर काढली. दहा-बारा दिवसांनी कोरड्या मातीतून एक जाड कोंब वर आला, देठावर तांबडे ठिपके. पान एकही नाही. मेच्या भर उन्हात त्याच्या टोकावर लालभडक चेंडू उघडला. बारीक बारीक फुलं मोजायला बसले, सत्तरीच्या पुढे गडबडले.

काकूंना फोटो पाठवला. लगेच फोन आला.

"आता घाल पाणी," त्या म्हणाल्या, "पोटभर."